शिंदे घाटावरून शाहू मिलला

मु. शिंदे घाट, वाराणसी

तीर्थरूप शाहू मिल हीस,
कोल्हापूरच्या एका लेकराचा साष्टांग नमस्कार.

पत्र काशीहून आलेलं पाहून तुला नवल वाटेल. आपल्याकडचा माणूस काशीला येतो तो कुणाच्या तरी अस्थी घेऊन, नाहीतर म्हातारपणी यात्रा कंपनीच्या बसमधून. शिवाय आपलं गाव स्वतःच दक्षिण काशी, त्यामुळं उत्तरेतल्या काशीचं अप्रूप तसं बेताचंच. पण मणिकर्णिका ओलांडून चार पावलं पुढं आलं की शिंदे घाट लागतो, आणि इथं बसल्यावर मला तुझीच आठवण यायला लागली. ती का, ते सांगतो.

हा घाट बांधला बायजाबाई शिंद्यांनी. ग्वाल्हेरच्या दौलतरावांची राणी म्हणून इतिहासाला त्या ठाऊक आहेत, पण माहेर त्यांचं कागल. सर्जेराव घाटग्यांची लेक. १८२७ साली दौलतराव गेले आणि पुढची काही वर्षं ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी हाकला. १८२८ साली त्यांनी इथल्या ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप उभा केला आणि १८३० च्या सुमारास हा घाट. आता तुझी जन्मकथा बघ. २७ सप्टेंबर १९०६ रोजी कापड गिरणी म्हणून तुझा पाया घातला तो शाहू महाराजांनी. दत्तक जाऊन छत्रपती होण्याआधी ते कागलच्याच घाटग्यांचे यशवंतराव. म्हणजे माहेराकडून बघितलं तर हा घाट आणि तू, दोघं एका गावचे. एक गंगेच्या काठाला, एक कोटितीर्थ तळ्याच्या.

घाटाचं पुढं काय झालं ते तुझ्या कानावर घालायला हवं. बायजाबाईंचा संकल्प मोठा होता. काशीत आधीच राजेरजवाड्यांनी घाट बांधण्याची चढाओढ लावलेली. पेशवे, होळकर, भोसले, सगळ्यांचे दगड पाण्यात उतरलेले. त्यांच्या रांगेत आपलाही घाट उठून दिसावा असं वाटलं तर त्यात गैर काय? पण दगडाचं ओझं एवढं झालं, की नदीकाठच्या मातीला ते पेलवेना. बांधकाम खचलं, घाटाचा भाग नदीत गेला. नंतर डागडुजी झाली, पण खुणा अजून आहेत. त्यातली सगळ्यांत ठसठशीत खूण म्हणजे पायथ्याशी कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ. पायऱ्यांवरून पाहिलं तर पहिल्यांदा वाटतं आपलीच मान वाकडी झालीय. खालचा भाग वर्षातला बराच काळ पाण्यात, आणि पाणी ओसरलं की गाळात. पावसाळ्यानंतर इथं पंप लावून घाटांवरचा गाळ पुन्हा नदीत ढकलतात; पायऱ्या धुऊन निघतात, पण या देवळाच्या खांबांच्या नक्षीत माती चिकटून राहते ती राहतेच. होड्या त्याच्या अगदी भिंतीला लागतात. नावाडी येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊळ दाखवतो आणि त्याची गोष्ट सांगतो. या देवळाला मातृऋण महादेव असंही म्हणतात. कुण्या एकानं आईच्या नावानं देऊळ बांधलं आणि पुरं झाल्यावर तो म्हणाला, आता मी आईच्या ऋणातून मोकळा झालो. तेवढं म्हणायचा अवकाश, देऊळ कललं.

गोष्ट दंतकथा आहे, हे नावाड्यालाही ठाऊक असतं. पण कोल्हापूरच्या माणसाला ती जरा लागते. कारण २०२२ साली आपणही एक ऋण फेडायला काढलं होतं. महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं लोकराजा कृतज्ञता पर्व. ६ मे रोजी सकाळी दहाला अख्खं गाव शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. आणि त्या एप्रिल-मे महिन्यांत तुझं फाटक उघडलं. किती वर्षांनी! २००३ साली तुझी यंत्रं थांबली तेव्हापासून आत काय आहे, हे गावातल्या अर्ध्या पोरांनी पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या आजोबांना तुझ्या भोंग्यावर घड्याळ लावायची सवय, आणि नातवंडांना तू म्हणजे रस्त्याकडेची एक लांबलचक दगडी भिंत, आत वाढलेली झाडं आणि वर एक चिमणी. त्या दिवसांत तुझ्या आवारात कापडाचं प्रदर्शन लागलं, गुळाचं लागलं, कोल्हापुरी चपलांचं लागलं, आंब्याचं लागलं. माणसं आली, बायाबापड्या आल्या, पोरं हुंदडली. महाराजांची मिल असं म्हणत म्हणत भिंतीला हात लावून बघणारे म्हातारे आले. मग पर्व संपलं आणि फाटक पुन्हा लागलं. कृतज्ञता व्यक्त झाली, आता आपण मोकळे. पुढचं तू समजून घे.

तुझ्या जागेवर महाराजांचं स्मारक करायचं, ही घोषणा जुनी आहे. तू आहेस राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात, त्यामुळं जमीन कुणाची, पैसा कुणाचा, आराखडा कुणाचा, या प्रश्नांवर वर्षं गेली. आराखडे झाले, सादरीकरणं झाली. स्मारकाला माझा विरोध नाही. कोल्हापुरात राहून त्याला विरोध कोण करील? पण स्मारक म्हटलं की आपल्याकडं काय येतं ते मला माहीत आहे: भव्य पुतळा, भव्य प्रवेशद्वार, भव्य सभागृह, भव्य वाहनतळ. 'भव्य' या शब्दाशिवाय आपल्याकडं निविदा निघत नाही. आणि मी ज्या पायऱ्यांवर बसलोय तिथं भव्यतेचं काय होतं ते समोर दिसतंय. म्हणून हे पत्र.

तुझ्यापाशी मला जे मागायचंय ते लहान आहे. एक शेड. आख्खी सत्तावीस एकर जागा नको, सगळी खाती नकोत. एका शेडचं छप्पर दुरुस्त करून, वीज-पाणी देऊन ती कोल्हापूरच्या कलाकारांना रोजच्या वापराला द्यावी. स्मारक व्हायचं तेव्हा होईल.

एवढ्यासाठी एवढी घाई का, असं विचारशील तर केशवराव भोसले नाट्यगृह आठव. तेही तुझ्याच धन्यानं बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी राखेसमोर उभं राहून नटमंडळी ढसाढसा रडत होती. एका नाट्यगृहावर एका गावाची शंभर वर्षांची नाट्यपरंपरा टांगलेली असते, हे त्या रात्री कळलं. हौशी संघांनी तालमी करायच्या कुठं? शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, कुणाच्या तरी गॅरेजात. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की जागा शोधण्यातच अर्धा जीव जातो. प्रयोगाला मोठं नाट्यगृह लागतं, ते होईल पुन्हा उभं. पण तालमीला लागते ती एक मोठी, उंच, कुणी हाकलून न देणारी खोली. तशा तुझ्यापाशी कितीतरी.

आणि फक्त नाटकवाले कशाला? तू ज्या गावात आहेस त्या गावाचा विचार कर. चित्रकार आबालाल रहमान इथले, बाबूराव पेंटर इथले. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथं सुरू झाली आणि मग पुण्याला गेली. अल्लादियाखाँ इथं दरबारी गवई होते. देवल क्लब १८८३ पासून गाणं सांभाळतोय. कापड गिरणीच्या साचाखात्याला उजेड लागायचा तो सारखा, सावली न पाडणारा, म्हणून गिरण्यांच्या छपरांना करवतीच्या दातांसारखी उभी तावदानं ठेवून उत्तरेकडचा उजेड आत घेत. तुटलेला धागा दिसावा म्हणून. चित्रकारालाही स्टुडिओत नेमका तोच उजेड हवा असतो. कापसासाठी बांधलेल्या इमारतीत चित्रकाराला फार काही बदलावं लागत नाही.

मुंबईत या गोष्टी उलट झाल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढं गिरण्यांचं जे झालं ते तुला माहीत आहे. तुझ्याच बहिणी त्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी लागू राहिली ती फक्त इमारती नसलेल्या, रिकाम्या जमिनीला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल उचलून धरला. फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे, खाली मॉल आहे. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत चौदा माणसं गेली. जुन्या गिरणीत गच्चीवरची हॉटेलं थाटायची आणि बाहेर पडायचा रस्ता ठेवायचा नाही, याचा तो हिशेब.

कलेची काही चांगली कामंही मुंबईत झाली. महालक्ष्मीला लक्ष्मी मिलच्या आवारातल्या एका जुन्या गोदामात जी-फाइव्ह-ए नावाच्या संस्थेनं नाटकासाठी काळी पेटी म्हणतात तसा मंच उभा केला. खुर्च्या इकडच्या तिकडं करता येतात, नट प्रेक्षकांच्या नाकासमोर. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकच्या गोदामांत स्टार्ट इंडियाच्या चित्रकारांनी प्रदर्शन भरवलं. मासळीच्या वासातून वाट काढत लोक रांगा लावून आले. बाहेर कोळणी कोळंबी सोलत बसलेल्या आणि आत त्यांचेच चेहरे भिंतींवर मोठे केलेले. झकास काम होतं. दोनेक महिन्यांत संपलं. तुझ्या बाबतीत मला भीती आहे ती याचीच. तुझं कृतज्ञता पर्वही असंच होतं. जत्रा भरते, जत्रा उठते. जत्रेनं माणसं जमतात, पण तालीम चालत नाही.

मला हवं तसं काम एका परदेशी बाईनं केलंय. ब्राझीलमध्ये साओ पावलोला पोंपेया नावाच्या वस्तीत पिंपं बनवणारा एक जुना कारखाना होता. तो पाडून तिथं सांस्कृतिक केंद्र बांधायचं ठरत होतं. लीना बो बार्डी ही वास्तुरचनाकार जागा बघायला गेली. पहिल्यांदा तिनं विटा आणि काँक्रीटचा सांगाडा बघितला. दुसऱ्यांदा गेली तो शनिवार होता; आत पोरं पळत होती, म्हातारे इकडंतिकडं फिरत होते, बाया खायला करत होत्या. लोकांनी जागा आधीच घेतली होती. तिनं ठरवलं, हे असंच राहू द्यायचं. भिंती राखल्या, छपरं राखली, आत वाचायला बसायची जागा केली, नाटकाचा मंच केला, माती-लाकडाच्या कार्यशाळा केल्या, मधून पाण्याचा एक पाट वाहवला, एक शेकोटी ठेवली. १९८२ मध्ये ते उघडलं आणि आजही तिथं माणसं नुसती येऊन बसतात. काही न करता नुसतं बसायची परवानगी असणं, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं पहारेकरी विचारतो, काय काम आहे?

ब्राझील लांब वाटत असेल तर इथंच, या घाटापासून थोडं पुढं, बालाजी घाट आहे. पेशवाईतला वाडा, पुढं ग्वाल्हेरकडं आलेला, आणि पुढं नुसता पडत चाललेला. त्यातल्या बालाजी मंदिराच्या नौबतखान्यात बिस्मिल्ला खाँ लहानपणी सनईचा रियाज करत. मराठ्यांनी बांधलेल्या देवळात एका मुसलमान पोरानं रोज सनई फुंकायची, आणि त्यात कुणालाच काही वेगळं वाटायचं नाही. पुढं २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २०१२ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत बालाजी घाटाचं नाव घातलं. त्यानंतर अमेरिकन एक्स्प्रेसचा पैसा आणि वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेची माणसं दुरुस्तीला लागली. ते काम झालं ते बरंच झालं. पण खाँसाहेबांना घडवलं ते वाड्याच्या कमानींनी नाही. एक खोली होती, ती रोज उघडी असायची आणि तिथं फुंकलेल्या बेसुरासाठी कुणी ओरडत नव्हतं. मी मागतोय ती शेड अशीच.

काशीला हे जमतं. संकटमोचन हनुमानाच्या देवळात हनुमान जयंतीच्या सुमाराला रात्र-रात्र गाणं चालतं. देशातले मोठे कलावंत येऊन हजेरी लावतात. तिकीट नाही. अंगणात सतरंजीवर माणसं बसतात, आडवी होतात, डुलकी काढतात, पखवाजाच्या थापेनं उठतात, शेजारच्याला विचारतात, कोण लागलंय? मधूनच माकड जातं. आपल्या देवल क्लबच्या श्रोत्याला हे बघून जरा अवघडल्यासारखं होईल, पण पहाटेपर्यंत तोही तसाच आडवा होईल.

आता कामाचं बोलू. एक शेड उघडायची म्हणजे काय करावं लागतं? संरचनेची तपासणी, ती आधी. दगडी भिंत टिकते, पण छपराच्या कैच्या गंजतात आणि पावसाळ्यात दगा देतात. कोल्हापूरचा पाऊस तुला सांगायला नको. पत्रे बदलताना उजेडाची तावदानं तशीच ठेवायची, झाकून टाकायची नाहीत. आतला आवाज घुमतो, मोकळ्या दगडी शेडमध्ये शब्द शब्दावर पडतो. त्याला जाड पडदे, घोंगडी, चटयांनीसुद्धा बरंच आवरता येतं, लगेच आयात केलेल्या ध्वनिरोधक फळ्या लागत नाहीत. वर्षानुवर्षं तेल सांडलेली लाकडी जमीन असेल तर ती काढावी लागेल, ती पेट घेते. बाहेर पडायला दोन रुंद दारं, आणि दोन्ही उघडी. केशवरावांच्या आगीनंतर आणि कमला मिलनंतर यावर बोलायची गरज पडू नये. स्वच्छतागृहं, बायकांसाठी नीट. वीजजोडणी नवी, जुन्या तारा एकही नको. आणि एक खोली नुसती ठेवायची, तुझ्या स्वतःच्या वस्तूंसाठी: बॉबिन, धोटा, हजेरीची पुस्तकं, भोंगा. काचेच्या कपाटात नको, हातात घेता येतील अशा.

सगळ्यांत अवघड प्रश्न किल्लीचा आहे. किल्ली कुणाकडं? महामंडळाच्या कार्यालयात ठेवली तर प्रत्येक तालमीला अर्ज करावा लागेल आणि मंजुरी मिळेपर्यंत प्रयोग होऊन जाईल. कुणा एका संस्थेला दिली तर दुसरी संस्था आत पाय टाकणार नाही, हे कोल्हापूर आहे. कुस्तीच्या तालमींच्या गावात कुणाचा शड्डू कुणाला सहन होत नाही. माझं मत विचारशील तर महापालिका, नाट्यसंस्था, चित्रकारांची संस्था, शाहिरांची मंडळी आणि तुझे जुने कामगार, अशी एक लहान समिती करावी. वेळापत्रक फाटकावर फळ्यावर खडूनं लिहावं, म्हणजे कुणाला किती दिवस मिळाले ते रस्त्यावरच्या माणसालाही दिसेल. भाडं एवढंच असावं, की त्यातून वीज, पाणी आणि एका राखणदाराचा पगार निघावा. लग्नाला, वाढदिवसाला, पुढाऱ्याच्या सत्काराला जागा द्यायची नाही. एकदा दिली की संपलं. मग तिथं वर्षभर लग्नंच लागतात.

समितीत जुने कामगार हवेत हे मी उगाच म्हणालो नाही. तुझ्यात ज्यांनी पाळ्या केल्या त्यांची पिढी आता थकलीय. त्यांना स्मारकाच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसवून शाल देण्यात अर्थ नाही, तोवर रांग रिकामी झालेली असेल. त्यांचा हक्क आत्ताचा आहे. कुठल्या खात्यात कुठला साचा कुठं होता, भोंगा दिवसातून कितीदा वाजायचा, बदलीवाल्याला पहाटे फाटकावर किती थांबावं लागायचं, जॉबर कोण होता आणि तो कसा होता, ही सगळी माहिती त्यांच्यापाशी आहे, कागदावर नाही. त्यावर नाटक होईल, चित्रं होतील, पोवाडा होईल. ते नंतर. आधी ऐकून तर घेऊ.

बायजाबाईंना दोष देऊ नकोस. नदीकाठची माती किती ओझं पेलते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. आपल्याला सांगणारा घाट समोर आहे, त्यामुळं आपल्याला ती सबब नाही.

म्हणून कोल्हापूरकरांना या पत्रातून एवढंच सांगणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात, शाहू मिलमध्ये पाळी केलेलं कुणी असेल तर या रविवारी त्यांच्यापाशी बसा, फोनवर त्यांचं बोलणं टिपून ठेवा, नाव आणि खातं लिहून ठेवा. आणि महाराजांच्या २६ जूनच्या जयंतीला पुतळ्याला हार घालायला जाल तेव्हा महापालिकेच्या आयुक्तांना एक अर्ज द्या: शाहू मिलची एक शेड तालमीसाठी उघडा. अर्जाची पोच घ्या.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक कोल्हापूरकर